गोळीशेजारची बाटली: कोणतं हर्बल सप्लिमेंट चालेल, कोणतं नाही

मेडिकलच्या काउंटरवर एका हातात माला-डीचं पाकीट आणि दुसऱ्या हातात ‘मूड’, ‘हेअर’, ‘पीसीओडी’ नाहीतर ‘स्लिम’ असं काहीतरी छापलेली बाटली. “दोन्ही एकदम चालतील ना?” या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं, “हर्बल आहे हो, काही होत नाही.” बहुतेक बाटल्यांबाबत हे उत्तर खरंच आहे. पंचाईत अशी की ज्या दोन-चार बाटल्यांबाबत ते खरं नाही, त्यांच्यावर बहुतेकदा तसं कुठेच छापलेलं नसतं.

म्हणून हे परीक्षण कंपन्यांचं नाही, बाटलीतल्या मालाचं आहे. एकाच कंपनीची एक बाटली निर्धोक आणि शेजारची अडचणीची असू शकते. चव, पॅकिंग, केस किती दिवसांत दाट झाले हेही इथे नाही. गर्भनिरोधक गोळी रोज घेणाऱ्या बाईने ही बाटली घरात आणावी का, एवढंच पाहिलं आहे.

आधी गोळीचं गणित. माला-एन आणि माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या, त्यांत प्रत्येकी लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या, त्यांत हार्मोन नाही. पांढऱ्या गोळीतला हार्मोन २४ तासांना पुरेल असा बेतलेला शिधा आहे. यकृतातली एन्झाइम्स, मुख्यतः सीवायपी ३ए४ नावाचं, तो हळूहळू संपवतात. एखाद्या वनस्पतीने त्या एन्झाइमचं काम वाढवलं की चोवीस तासांचा शिधा आधीच आटोपतो. गोळी वेळेवर घेतलेली असते, पाकिटात एकही पांढरी गोळी शिल्लक नसते, आणि तरी संरक्षण पातळ झालेलं असतं. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने गोळी कमजोर पडते तीही याच वाटेने.

छाया आणि सहेली या गोळ्यांत मात्र सेंटक्रोमन असतं, हार्मोन नाही. सरकारी दवाखान्यातून छाया घेणाऱ्या कित्येकजणी तिला ‘हार्मोनची गोळी’च समजतात. पुढचा हिशेब त्या गोळीला लावू नका.

सेंट जॉन्स वर्ट: सरळ नको

फडताळावरची ही एकमेव बाटली जिच्याबाबत चर्चेला जागा नाही. शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. मनाची उदासी आणि झोप यांसाठी विकतात, मात्रा बहुतेक ठिकाणी ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीन वेळा. यातलं हायपरफोरिन नावाचं द्रव्य यकृताचं ते एन्झाइम जोरात कामाला लावतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या १२ बायकांना हीच मात्रा दिली, तेव्हा पाकीट चालू असताना मध्येच रक्त जाणाऱ्यांची संख्या २ वरून ७ वर गेली आणि इथिनिल एस्ट्राडायॉलचा रक्तातला मुक्काम जवळपास निम्म्यावर आला. २०१४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने तर साफ सांगितलं, की हार्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांनी हे घेऊ नये. तिथे नको असताना दिवस गेल्याच्या नोंदी आल्या होत्या, दंडात कातडीखाली हार्मोनची कांडी (इम्प्लांट) बसवलेल्या बायकांच्याही.

आपल्याकडे हे नाव घेऊन कोणी दुकानात जात नाही, म्हणून ते चोरपावलांनी येतं. ‘स्ट्रेस रिलीफ’, ‘मूड सपोर्ट’, ‘पीएमएस बॅलन्स’ अशा मिश्रणांच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, आठव्या-नवव्या ओळीत हायपेरिकम सापडतं. अमेरिकेतून कोणी आणलेल्या डब्यात ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या शब्दाखाली सगळ्या वनस्पतींची मिळून एकच बेरीज दिलेली असते. त्यात हायपेरिकम ५० मिलिग्रॅम आहे की ५०० हे कळायला मार्ग नसतो. असा डबा आम्ही नापासच धरतो. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलींसाठी एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा: योहानिसक्राउट. तिथल्या ड्रगस्टोअरमध्ये चहा, ड्रॅजे, तेल अशा रूपांत तो उघड्यावर मिळतो आणि परीक्षेच्या दिवसांत शांत झोपेसाठी मैत्रीण सहज सुचवते. तेल कातडीवर लावलं तर चिंता नाही. गोळ्या आणि कॅप्सूल नकोत, रोजचा काढाही नको.

होमिओपॅथीचा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. हायपेरिकम ३० किंवा २०० या शक्तींच्या साबुदाण्यात मूळ वनस्पतीचा अंश उरतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे एन्झाइम हलत नाही. मदर टिंक्चरची बाटली मात्र वेगळी. तो खरा अर्क असतो. थेंब-थेंब पाण्यात घालून रोज पोटात घ्यायला कोणी दिला असेल, तर तो कॅप्सूलच्याच रांगेत बसवा.

बाटली आधीच चालू असेल तर काय? गोळी सोडू नका, आणि आपल्या मनाने दोन-दोन गोळ्याही सुरू करू नका. सप्लिमेंट बंद करा. एन्झाइमचा वाढलेला जोर बाटली बंद केल्याच्या दिवशी उतरत नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून बंद केल्यापासून पुढचे २८ दिवस कंडोम वापरा. ते उदासीसाठी घेत असाल तर थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी त्यावर आपल्या मनाने चढवू नका, सेरोटोनिन वाढून अंग थरथरणं, ताप, घाबरंघुबरं होणं इथवर मजल जाऊ शकते.

या २८ दिवसांत असुरक्षित संबंध आला, तर नेहमीच्या १.५ मिलिग्रॅमच्या आपत्कालीन गोळीवर विसंबणं कच्चं. पहिली पसंती पाच दिवसांच्या आत बसवलेल्या कॉपर-टीला. ते जमत नसेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दुप्पट मात्रा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, देण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांना ‘मी हायपेरिकम घेत होते’ असं स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर चिठ्ठीवर एकच गोळी येईल.

सगळ्या साधनांना हा धोका सारखा नाही. पॅच, योनीतली रिंग आणि इम्प्लांट यांचा हार्मोन पोटातून जात नसला तरी शेवटी यकृतातूनच संपतो, त्यामुळे तेही सापडतात. दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन (१५० मिलिग्रॅम डीएमपीए) आणि गर्भाशयात बसवायची हार्मोनची आययूडी यांचं काम मात्र बिघडत नाही. कॉपर-टीचा तर प्रश्नच नाही.

गुग्गुळाच्या गोळ्या: वैद्यांना विचारल्याशिवाय नको

पीसीओडीच्या मुलीला एकीकडे स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनची गोळी लिहून देतात, दुसरीकडे घरचे कांचनार गुग्गुळ नाहीतर मेदोहर गुग्गुळ सुरू करतात. ही जोडी महाराष्ट्रातल्या घरांत फार दिसते. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन प्रयोगशाळेत यकृताचं तेच बटण दाबताना दिसतं जे हायपरफोरिन दाबतं. माणसांमध्येही गुग्गुळाच्या अर्काच्या १ ग्रॅमच्या एका मात्रेने डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाब-हृदयावरची औषधं रक्तात कमी पोचली होती. गर्भनिरोधक गोळी त्याने निकामी होते असा ठोस पुरावा नाही. पण कांचनार गुग्गुळात त्रिकटूही असतं, आणि त्यातल्या मिरी-पिंपळीचं पायपेरिन उलट दिशेने, औषधं जास्त शोषून घ्यायला लावणारं. एकाच गोळीत एक खाली ओढणारा, एक वर ढकलणारा. बेरीज काय येईल याची खात्री छातीठोकपणे कोणी देत असेल तर त्याचं ऐकू नका.

गोळी फक्त पाळी नियमित करायला असेल तर धोका कमी. गर्भ टाळायला असेल तर गुग्गुळ चालू असेपर्यंत कंडोमची जोड द्या, किंवा वैद्यांकडे गुग्गुळाशिवायचं औषध मागा. पायपेरिन घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने गोळी निकामी होण्याची भीती वाटत नाही. झालंच तर मळमळ आणि स्तन हुळहुळणं वाढेल. दुधातली हळद या हिशेबात धरायचीच नाही.

मधलं डागाळणं आणि अशोकारिष्ट

या अख्ख्या परीक्षणातली आमच्या मते सगळ्यात घातक चूक फडताळावर नाही, घरात होते. पांढऱ्या गोळ्या चालू असताना मध्येच रक्ताचे डाग दिसणं ही गोळी कमी पडत असल्याची खूण असू शकते. नव्याने सुरू केलेल्या गोळीत पहिल्या तीन पाकिटांपर्यंत असं होतं आणि बहुधा ते निरुपद्रवी असतं. पण सहा महिने, वर्षभर सुरळीत चाललेल्या गोळीवर अचानक डाग दिसू लागले, तर तीन गोष्टी तपासा: गोळ्या चुकल्या का, उलट्या-जुलाब झाले का, नवीन औषध किंवा सप्लिमेंट सुरू झालं का. घरात काय होतं? आजी किंवा काकू म्हणते, “अंगावर जातंय, अशोकारिष्ट घे.” १५ ते ३० मिलिलिटर, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर दोनदा. अशोकारिष्ट गोळीच्या विरोधात जातं असं नाही. पण डाग थांबले की धोक्याची घंटाच बंद पडते, आणि ती कशामुळे वाजत होती ते कोणी शोधत नाही.

याचीच दुसरी बाजू रजःप्रवर्तिनी वटी. तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात पाळी आली नाही, की ‘आणायला’ म्हणून ही दिली जाते. त्यात कोरफड, कासीस, टाकणखार, हिंग. पाळी न येण्याचं कारण गर्भ असू शकतो ही शंका फेडल्याशिवाय हिला हात लावू नये. आधी लघवीची चाचणी. असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेल्या चाचणीचा निकाल विश्वासाचा. चाचणी नकारात्मक असेल, तर गोळीवर असताना एखादी पाळी न येणं हा आजार नाही, आणि वटीची गरजही नाही.

पोटाची वाट: डिटॉक्स चहा, पंचकर्म, इसबगोल

यकृत बाजूला ठेवा, गोळी पोटात टिकली तर पाहिजे. नियम सोपा आहे. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या. २४ तासांपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब चालले तर तेवढे दिवस गोळी चुकल्यात जमा. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि जुलाब चालू असताना व बरं वाटल्यापासून ७ दिवस कंडोम.

आता ‘स्लिमिंग टी’ची पिशवी उलटी करून वाचा. बहुतेकींत सोनामुखी असते. ती प्यायल्यापासून ६ ते १२ तासांनी काम करते, आणि गोळी तोवर शोषली गेलेली असते. रात्री गोळी, रात्री चहा आणि सकाळी एकदा साफ होणं, यात गोळीचं काही जात नाही. दोन-दोन पिशव्या पिऊन दिवसभर पळापळ करणाऱ्यांचं जातं. त्रिफळा चमचाभर कोमट पाण्यातून घेतलं तर अजिबात हरकत नाही.

पंचकर्माची पॅकेजं विकणाऱ्या केंद्रांवर एक प्रश्न कोणी विचारत नाही, ‘गर्भनिरोधक गोळी चालू आहे का?’ वमन म्हणजे ठरवून केलेली उलटी, विरेचन म्हणजे ठरवून केलेले जुलाब, आणि उत्तम विरेचनात ३० वेग, म्हणजे शौचाच्या खेपा, मोजले जातात. तारीख ठरवताना ही युक्ती वापरा: पांढऱ्या गोळ्यांचा दुसरा आठवडा निवडा. तोवर किमान सात गोळ्या न चुकता पोटात गेलेल्या असतात आणि पुढे सात शिल्लक असतात. एखादी वाया गेली तरी या आठवड्यातली सगळ्यात कमी महाग पडते. तपकिरी गोळ्यांचा आठवडा सोयीचा वाटेल, पण तेव्हा रक्तस्राव चालू असतो आणि वैद्य नाही म्हणतात. नव्या पाकिटाचे पहिले सात दिवस टाळाच, हार्मोन नसलेल्या आठवड्याला जोडून आणखी खंड पडणं सगळ्यात धोक्याचं. वमन सकाळी असेल तर गोळीची वेळ रात्रीची ठेवा. विरेचनानंतर जुलाब थांबेनात तर वरचा नियम लावा, आणि वैद्यांना गोळीचं नाव आधीच कळवा.

इसबगोल चांगलं. दोन तासांचं अंतर ठेवा, आधी गोळी, मग इसबगोल. ‘चारकोल डिटॉक्स’ कॅप्सूल मात्र औषध चिकटवून घेण्यासाठीच बनलेली. घ्यायचीच असेल तर गोळीनंतर किमान ३ तासांनी आणि पुढच्या गोळीच्या किमान १२ तास आधी. आमचं मत विचाराल तर पैसे वाचवा.

ज्येष्ठमध: रक्तदाब पाहून

घसा बसला म्हणून चार दिवस काडी चघळणं वेगळं आणि रोज ३ ग्रॅम चूर्ण घेणं वेगळं. चांगल्या मुळात ग्लिसिरायझिन ४ टक्के धरलं तर त्या ३ ग्रॅमात १२० मिलिग्रॅम येतं. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने रोजची वरची हद्द १०० मिलिग्रॅम सांगितली आहे. हे द्रव्य शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम खाली आणतं. इस्ट्रोजेनची गोळीही काहींचा रक्तदाब वाढवते, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. पायांवर सूज, पोटऱ्यांत गोळे, सकाळी डोकं जड, ही लक्षणं दिसली की चूर्ण बंद करून रक्तदाब मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर इस्ट्रोजेनची गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

यकृतावर जड बाटल्या

ग्रीन टी कॅप्सूल आणि गुळवेलीच्या गोळ्या गर्भनिरोधकाचा परिणाम कमी करत नाहीत. यांची तक्रार वेगळी आहे. ग्रीन टीच्या तीव्र अर्कात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) गेलं तर रक्तात यकृताचे एन्झाइम वाढल्याचं, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण, दिसलं आहे. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. वाद चालू राहील. ज्या यकृतातून रोज हार्मोन जातो त्याच्यावर अशा दोन-तीन बाटल्यांचं ओझं कशाला? डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर सगळ्या बाटल्या आणि गोळीचं पाकीट, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. कपभर ग्रीन टी बिनधास्त प्या.

अश्वगंधा, शतावरी, मेथी, जवस: गोळीशी भांडण नाही, खुशाल घ्या. अश्वगंधा थायरॉइडचे आकडे वर नेऊ शकते, थायरॉइडवर उपचार चालू असतील तर सांगून घ्या. बाटलीवर मूळ की पान ते पाहा, औषधी परंपरा मुळाची आहे. ‘चेस्टबेरी’ किंवा व्हायटेक्स नावाची परदेशी कॅप्सूल हार्मोनच्या यंत्रणेत हात घालते, गोळीबरोबर नको. ती आणि आपली निर्गुंडी एकाच कुळातल्या दोन वेगळ्या वनस्पती. गुडघ्याला निर्गुंडी तेल लावणारीने घाबरू नये.

केसांच्या गमीज हर्बल म्हणून विकल्या जातात, पण आतला मुख्य माल बहुतेकदा बायोटिन. ते गोळीला त्रास देत नाही, प्रयोगशाळेला देतं. जास्त मात्रेत रक्तातली गर्भाची चाचणी खोटी नकारात्मक आणि थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी येऊ शकतं. रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला मात्रा सांगून विचारा.

बाटली हातात घेतल्यावर

पुढचं चित्र सोडून मागची बाजू पाहा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक आणि प्रत्येक घटकाचं नाव, भाग व प्रमाण हवं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल तर ते औषध नाही, पूरक खाद्य आहे, आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं. घटकांत हायपेरिकम, गुग्गुळ, सोनामुखी, यष्टिमधु, चारकोल ही पाच नावं शोधा. ‘यष्टिमधु’ म्हणजेच ज्येष्ठमध, हे लेबल वाचताना निसटतं. नाव ओळखीचं नसेल तर लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ‘एक आयुर्वेदिक गोळी घेते’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

नवीन बाटली सुरू केल्याची तारीख गोळीच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. डाग दिसले, उलट्या झाल्या, तर त्याच पाकिटावर खूण करा. दिवस जाण्यासारखं किंवा यकृताचं काही गंभीर घडलं तर भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः नोंद करता येते. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची गरज नाही. बाटली फेकू नका, बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.